स्क्रीनशॉट टाकून ‘ॲनिमेशन गंडलंय’ म्हणण्याआधी

‘मॅडहाऊसकडे असतं तर असं झालं नसतं.’ ऑक्टोबर २०२५ मध्ये वन पंच मॅन या मालिकेचा तिसरा सीझन सुरू झाल्यापासून ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, कुठलीही चर्चा उघडा, हे वाक्य कुणीतरी टाकलेलं असतंच. खाली दोनशे कमेंट, आणि त्यातल्या एकशे नव्वद स्टुडिओच्या नावावरून. पहिला सीझन करणारा मॅडहाऊस देव, पुढचे करणारा जे.सी.स्टाफ दानव.

सीझन निराशाजनक आहे, याबद्दल वाद नाही. पण कारण चुकीचं लावलं जातंय, आणि ते चुकल्यामुळे दर तीन महिन्यांनी नव्या मालिकेवर तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

पहिला सीझन २०१५ चा. दिग्दर्शक शिंगो नात्सुमे. त्या सीझनच्या मारामाऱ्या आजही क्लिप म्हणून फिरतात, त्या ज्यांनी काढल्या त्यांतले बरेच जण मॅडहाऊसचे पगारी नोकर नव्हते. योशिमिची कामेदासारखे नावाजलेले ॲनिमेटर त्या मालिकेसाठी, त्या दिग्दर्शकासाठी एकत्र आले होते. २०१९ मध्ये दुसरा सीझन जे.सी.स्टाफकडे गेला तेव्हा दिग्दर्शकही बदलला आणि ती मंडळीही पांगली. स्टुडिओचं नाव म्हणजे मंगल कार्यालयाचं नाव. जेवण चांगलं झालं तर आचारी कोण होता ते विचारायचं, हॉल कुठला ते नाही.

उलटं उदाहरण घ्या. व्हिनलँड सागा या मालिकेचा पहिला सीझन २०१९ चा, विट स्टुडिओचा. दुसरा २०२३ चा, मापा या स्टुडिओचा. स्टुडिओ बदलला, पण दिग्दर्शक शुहेई याबुता तोच राहिला. दोन्ही सीझन लागोपाठ बघा, घर बदलल्यासारखं वाटतच नाही. अटॅक ऑन टायटन या मालिकेचं तसं नव्हतं. तिथे विटकडून मापाकडे जाताना दिग्दर्शकाची खुर्चीही युइचिरो हायाशीकडे गेली, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये चेहरे, रेषा, टायटनची हालचाल सगळंच वेगळं दिसलं. आणि एकाच छताखालचा फरक बघायचा तर वन पीसचा १०१५ वा भाग बघा, एप्रिल २०२२ चा. तोएई ही स्टुडिओ कंपनी तीच, मालिका तीच, १९९९ पासून चाललेली. फक्त त्या भागाची दिग्दर्शिका मेगुमी इशितानी. त्याच्या आगेमागेचे भाग लावून बघितलेत तर वेगळं सांगायची गरज नाही.

आता ‘ॲनिमेशन’ या शब्दाकडे. लोक एकाच शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबतात: चित्र कसं काढलंय, ते हलतं कसं, वर प्रकाश-धूर-रंग कसे चढवलेत, आणि कॅमेरा कुठे ठेवलाय. चारपैकी एक गंडली की बाकी तिघींनाही शिव्या बसतात.

मुळात हिशेब असा आहे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. टीव्ही ॲनिमेत प्रत्येक चित्र बहुतेक वेळा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. ओपनिंग आणि एंडिंग (सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं) दीड-दीड मिनिटाचं वजा केलं तर भागाचा ऐवज साधारण २१ मिनिटं, म्हणजे १,२६० सेकंद. सगळं तीन-तीनवर हलवायचं ठरवलं तरी १०,०८० चित्रं लागतील. प्रत्यक्षात एका भागात साधारण ३,००० ते ५,००० चित्रं असतात. उरलेली कुठे गेली? बोलणाऱ्या माणसाचं डोकं स्थिर आणि फक्त ओठांची तीन चित्रं फिरतात: मिटलेले, अर्धवट, उघडे. कुठे स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकतो. कुठे डोळ्यांचा क्लोजअप आणि वर विचारांचा आवाज. ही चलाखी आजची नाही, १ जानेवारी १९६३ ला तेझुकांचा ॲस्ट्रो बॉय टीव्हीवर आला तेव्हापासूनची आहे. तेव्हा ‘सेकंदाला ८ चित्रं म्हणजे आळशीपणा’ असं कुणी लिहिलं की समजावं, गड्याने हिशेब केलेला नाही. दिग्दर्शकाकडे चार हजार चित्रांचा खिसा आहे आणि तो कुठे रिकामा करायचा हे त्याने ठरवायचंय. चांगल्या भागात पंधरा मिनिटं काटकसर असते आणि शेवटच्या तीन मिनिटांत उधळण.

हे स्वतः तपासता येतं. यूट्यूबवर अधिकृत क्लिप उघडा, पॉज करा आणि कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबा. एका दाबाला एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाचं बटण दाबलं की एक मागे. व्हीएलसी प्लेअरमध्ये एक फ्रेम पुढे जायचं काम ‘ई’ हे अक्षर करतं. दोन-तीन सेकंदांचा एकच कट (म्हणजे मध्ये न तुटणारं एक दृश्य) निवडा आणि पात्राच्या हातावर नजर ठेवा. पार्श्वभूमीवर नको, कारण ती कॅमेऱ्याबरोबर प्रत्येक फ्रेमला सरकते आणि मोजणी चुकते. किती दाबांनी हाताचं चित्र बदलतं ते मोजा. क्लिप ३० फ्रेमवाली असेल तर मध्येमध्ये एखादी फ्रेम दोनदा येते, ती सोडून द्या.

एका ठोशात साधारण असं दिसतं. मूठ मागे ओढलेली, सहा-आठ फ्रेम तशीच. मग एकच फ्रेम, ज्यात हात रबरासारखा ताणलाय, बोटंही मोजता येत नाहीत. पुढच्या एक-दोन फ्रेम कधी काळ्यापांढऱ्या, कधी उलट्या रंगाच्या. त्यानंतर मार खाल्लेला चेहरा, आठ-दहा फ्रेम थरथरत. ठोसा जोरात लागल्यासारखा वाटतो तो त्या सहा फ्रेमच्या थांबण्यामुळे आणि त्या एका ‘घाणेरड्या’ चित्रामुळे. सगळी चित्रं सारख्या अंतरावर, नीटनेटकी काढली तर तोच ठोसा पाण्याखाली मारल्यासारखा दिसतो.

म्हणून स्क्रीनशॉटचा पुरावा मला मान्य नाही. नारुतो शिप्पुदेन या मालिकेचा १६७ वा भाग, २०१० चा. त्यातल्या पेन या पात्राचा वेडावाकडा ताणलेला चेहरा गेली पंधरा वर्षं मीम म्हणून फिरतोय. दिग्दर्शक अत्सुशी वाकाबायाशी, आणि काम करणाऱ्यांत शिंगो यामाशिता, ज्याने पुढे चेनसॉ मॅन या मालिकेचं ओपनिंग केलं. हे लोक चेहरा काढायला विसरले होते असं ज्याला वाटतं त्याने ती फाइट एकदा न थांबवता बघावी. आता, इतर भागांच्या गंभीर चित्रशैलीत हा एकदम कार्टूनी प्रकार खटकतो, असं कुणी म्हणालं तर तो मुद्दा आहे, त्यावर बोलू. अर्ध्या मालिकेला जो सूर लावला तो ऐन मोक्याला बदलायचा का, हा दिग्दर्शनाचा प्रश्न आहे. पण ‘बजेट संपलं होतं’? नाही हो.

खरोखर गंडलेलं ओळखायचं कसं, तर वन पंच मॅनच्याच तिसऱ्या सीझनमधला, गारो हे पात्र उतारावरून खाली येतं तो कट घ्या. तिथे चित्र जवळपास हलतच नाही, नुसतं सरकवलंय. पायाचा जमिनीशी संबंध नाही, वजन नाही. एखादी फ्रेम थांबवली तर चित्र ठीकठाक आहे! म्हणजे तक्रार चित्राबद्दल नाही, हालचालीबद्दल आहे, आणि ती तक्रार शंभर टक्के रास्त आहे. स्क्रीनशॉटवाल्याला हा दोष पकडताच आला नसता.

दोष कुठल्या टेबलावर झाला हे कळायला कामाची साखळी थोडी माहीत हवी. स्क्रिप्टनंतर एकोंते, म्हणजे स्टोरीबोर्ड. भागात साधारण ३०० कट. प्रत्येक कटाचा लेआउट, म्हणजे चौकटीची कच्ची मांडणी, मग गेंगा, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं. पेन्सिलच्या रेषेबरोबर निळ्याने सावलीची हद्द आणि लाल रेघेने चकाकीची. ती चित्रं साकुगा कान्तोकुकडे जातात. हा माणूस वेगळ्या रंगाच्या, बहुतेकदा पिवळ्या कागदावर चेहरे दुरुस्त करतो, म्हणजे दहा जणांनी काढलेला नायक एकाच आईचा वाटावा. मग दोउगा, म्हणजे मधली भरायची चित्रं. हे काम बऱ्याचदा कोरिया, चीन, व्हिएतनाम, फिलिपिन्सला जातं आणि मोबदला चित्रामागे साधारण २००-३०० येन. मग रंग, आणि शेवटी सात्सुएई, जिथे पात्रं, पार्श्वभूमी, धूर, उजेड सगळं एकत्र बसवतात.

वेळापत्रक कोसळलं की पहिला घाव दुरुस्तीवर बसतो. चेहरे कटागणिक बदलायला लागले, एकाच संवादात नायक तीन वेगळ्या माणसांसारखा दिसला, तर दुरुस्ती झालेली नाही असं खुशाल समजा. याची खूण एंडिंगच्या श्रेयनामावलीत असते. साकुगा कान्तोकु या चार कांजी (जपानी लिपीतल्या) अक्षरांखाली एक-दोन-तीन नावं असतील तर काम शिस्तीत झालंय. पंधरा-वीस नावं दिसली तर शेवटच्या आठवड्यात हाताला येईल त्याला बसवलंय. (अपवाद असतात. मोठ्या फाइटच्या भागात नावं तशीही वाढतात. पण साध्या गप्पांच्या भागात अठरा नावं? आग लागली होती.) चार अक्षरं वाचता येत नसतील तर फोनचा कॅमेरा ट्रान्सलेटरमधून धरा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी स्टुडिओला फुकट शिव्या बसतात: अंधारलेल्या, भुतासारख्या दुहेरी कडा दिसणाऱ्या फाइट. जोराच्या हाणामारीत पडदा एकदम मळकट होतो आणि लोक लिहितात, ‘रंग बघा, स्वस्तातलं काम’. कारण १६ डिसेंबर १९९७ ला आहे. पोकेमॉनच्या पोरिगॉनच्या भागात लाल-निळा झगमगाट सेकंदाला सुमारे १२ वेळा झाला आणि जपानभरात सुमारे ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. पुढच्या वर्षी प्रक्षेपकांनी झगमगाटाचे नियम केले. आजही टीव्हीवर जाणारा भाग त्या चाळणीतून जातो. ठरावीक वेगापेक्षा जास्त चमक असली की तो तुकडा गडद करतात किंवा आधीची फ्रेम पुढच्या फ्रेमवर पुसट चढवतात. स्ट्रीमिंगवर आपल्याकडे बहुतेकदा हीच टीव्हीची प्रत येते. ब्लू-रेवर तोच कट लख्ख दिसतो. तेव्हा जुजुत्सु कायसेन या मालिकेतली एखादी फाइट मळकट दिसली तर आधी विचारा, प्रत कुठली?

अर्थात जुजुत्सुच्या दुसऱ्या सीझनला सगळं नियमांवर ढकलता येणार नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात कथेतलं शिबुया प्रकरण चालू असताना काम करणाऱ्या ॲनिमेटरांनीच वेळेच्या ओढाताणीबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं. तिथे चाहत्यांनी दोन गट पाडले. एक म्हणे, ‘बघा, वाईट आहे’; दुसरा म्हणे, ‘बघा, मास्टरपीस आहे’. दोन्ही खरं होतं. त्या भागांत अप्रतिम कट आहेत आणि शेजारीच अर्धवट राहिलेले कटही आहेत. आवडत्या मालिकेतलं अर्धवट काम दाखवलं की ‘हेटर’ ठरवायचं, हा प्रकार मला स्क्रीनशॉटवाल्यांपेक्षा जास्त डोक्यात जातो.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. ‘मालिका इतकी चालली, स्टुडिओने कोट्यवधी कमावले, मग पुढचा सीझन असा का?’ बहुतेक मालिकांमागे निर्मिती समिती असते: प्रकाशक, संगीत कंपनी, वाहिनी, खेळणीवाले. स्टुडिओला बहुधा ठरलेली रक्कम मिळते आणि नफा समितीकडे जातो. मापाने २०२२ चा चेनसॉ मॅन समितीशिवाय स्वतःच्या पैशाने केला ही बातमी झाली, कारण तो अपवाद होता. आणि पैसा ओतला तरी हात तेवढेच आहेत. उत्तम गेंगा काढणारे लोक मोजके, मालिका ढीगभर. वेळ हाच खरा पैसा. तोएईने वन पीसला २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भागांवर आणलं ते याच दिशेने. जो माणूस वर्षानुवर्षं ‘एका भागात मूळ चित्रकथेचा धड एक चॅप्टरही संपत नाही’ म्हणून ओरडत होता, तोच आता ‘दर रविवारी का नाही’ म्हणून ओरडेल, ते वेगळं.

स्पॉयलरवरून होणाऱ्या भांडणांसाठी एक छोटी गोष्ट. जपानी वेळापत्रकात ‘गुरुवार २४:२६’ लिहिलेलं असतं. म्हणजे तिथे गुरुवारची मध्यरात्र उलटून २६ मिनिटं, तारखेने शुक्रवार. आपण साडेतीन तास मागे, म्हणजे आपल्याकडे गुरुवारीच रात्रीचे ८:५६. स्ट्रीमिंगवर भाग बहुधा त्यानंतर अर्धा-एक तासाने येतो. म्हणून गुरुवारी रात्रीच शेवट उघड करणारा ‘एक दिवस आधीच’ सांगत नाही, पण निम्मे लोक जेवत असताना सांगतो, हे नक्की. चोवीस तास थांबा, ‘भाग अमुक, स्पॉयलर’ असं वर लिहा, मग काय ते बोला.

आणि ‘६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम), ४के’ म्हणून ज्या क्लिप फिरतात त्या पुरावा म्हणून चालणार नाहीत. त्यात सॉफ्टवेअरने दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसडलेली असतात. वरच्या ठोशातली सहा फ्रेमची थांबलेली मूठ त्यात लोण्यासारखी वाहते आणि सगळा जोर निघून जातो.

या पोस्टखाली वन पंच मॅनवर बोलायचं असेल तर भाग क्रमांक, मिनिट-सेकंद, आणि दोष चित्राचा, हालचालीचा, सात्सुएईचा की कॅमेऱ्याचा, एवढं लिहा. नुसता स्क्रीनशॉट आला तर मी उत्तर देणार नाही. ‘वन पंच मॅनचा सायतामा विरुद्ध ड्रॅगन बॉलचा गोकू, कोण जिंकेल’वर तर अजिबातच नाही.