बुंध्याचं बोलणं झालं नव्हतं

"बुंध्याचं बोलणं झालं नव्हतं, मॅडम," म्हणत ठेकेदाराने साखळीचा कटर टेम्पोत टाकला, दोर गुंडाळला आणि टेम्पोचा फळका लावून घेतला. आमच्या सोसायटीतलं गुलमोहराचं झाड गेलं. त्याचा खालचा अडीच फूट भाग मात्र गेटच्या वळणावर तसाच उभा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डाव्या दाराची वाट बघत. पाल्याचंही बोलणं झालं नव्हतं. गुलमोहराचा पाला म्हणजे बारीक चुरा. त्याचा कंबरभर ढीग पडलाय. तो ओल्या कचऱ्यात कोणी घेत नाही, सुक्यातही घेत नाही, वारा तेवढा तिसऱ्या मजल्यापर्यंत घरपोच देतो. ठरलं होतं 'झाड तोडणे'. या धंद्यात तोडणं, दोराने उतरवणं, तुकडे करणं, उचलणं आणि बुंधा काढणं ही पाच स्वतंत्र कामं आहेत, हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही विचारेपर्यंत तो मौनात असतो इतकंच.

गुलमोहर जायलाच हवा होता, त्याबद्दल वाद नाही. म्हणजे वाद झाला, पण नसायला हवा होता. बुडाशी अर्धचंद्राच्या आकाराची, लाकडासारखी कडक, वरून लाखेचं पॉलिश केल्यासारखी तांबूस अळिंबी आली होती. तिचं नाव गॅनोडर्मा. ती बाहेर दिसते तेव्हा आतलं लाकूड बऱ्याच आधीपासून कुजत आलेलं असतं. लाकडी हातोडीने खोड ठोकून पाहिलं तर एका बाजूने भरीव आवाज येत होता आणि दुसऱ्या बाजूने ढोलाचा. तरी प्रत्येकाचं एकच पालुपद: "अहो, हिरवंगार तर आहे!" हिरवंगार असणारच. पाणी वर चढतं ते सालीखालच्या बाहेरच्या लाकडातून, मधला गाभा पोकळ झाला तरी शेंड्याला त्याचा पत्ता नसतो. मे महिन्यात फुलांनी लाल व्हायचं आणि जूनच्या पहिल्या दणक्याला मुळांसकट गाडीवर आडवं व्हायचं, ही गुलमोहराची खासियत. मुळं मुळात उथळ. त्यातली निम्मी पाइपलाइनच्या खोदाईत तुटलेली, उरलेल्यांवर खोडाला चिकटवून पेव्हिंग ब्लॉक. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्याकडे ते दिल्लीचं वगैरे असेल असं धरून चालतात.

खासगी आवारातलं असलं तरी झाड आपल्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरांसाठी 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. अर्ज, फोटो, जागेचे कागद, सोसायटीचा ठराव, मग पाहणी, मग झाडावर हरकतींची नोटीस. त्यात 2021 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी आल्या. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड म्हणजे वारसा वृक्ष, त्याला जास्त संरक्षण. आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. कल्पना उत्तम आहे, मला मनापासून पटते. पण तिने एक नवीन मानवी प्रकार जन्माला घातला: झाडाच्या वयावर अधिकारवाणीने बोलणारा शेजारी.

आमच्याकडे ते पहिल्या मजल्यावरचे काका. पाहणीला आलेल्या साहेबांनी छातीच्या उंचीला टेप लावून घेर मोजला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि सहज विचारलं, "साधारण वय किती असेल?"

सेक्रेटरींनी आधीच घोकून ठेवलं होतं. "पस्तीस-चाळीस, साहेब. सोसायटीबरोबरच लावलेलं."

वरून खिडकी उघडली. "कोण म्हणतं पस्तीस? पानशेतच्या पुरात हे माझ्या खांद्याएवढं होतं!"

आता पुण्यातल्या एरंडवण्यात पानशेत धरण फुटून आलेला तो पूर म्हणजे अपील नसलेलं न्यायालय. 12 जुलै 1961 म्हटलं की पुढची पिढी आपोआप गप्प बसते. सेक्रेटरी गप्प बसले नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आकडा पळत होता. एक वर्ष म्हणजे एक रोप.

"काका, सोसायटीच 1986 ची आहे."

"सोसायटी नंतर आली. आधी इथे बंगला होता. मी चौथीत होतो. पाणी इथपर्यंत..." काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून हवेत एक पातळी दाखवली. त्या हिशेबाने शनिवारवाडाही बुडाला असता. "आणि हा एवढा. गुलमोहर. मी स्वतः धरून उभा होतो."

"काका, तो दुसरा असेल. जिथे आता टाकी आहे तिथला."

"टाकीपाशी शेवगा होता. शेवगा आणि गुलमोहर यांतला फरक कळतो मला."

मी मध्ये पडले. म्हटलं, काका, हे झाड लहानपणी वर्षाला मीटरभर सहज वाढतं, गुलमोहर फार दीर्घायुषीही नाही, त्यात हा घेर, पासष्टचा हिशेब जमत नाही.

"तू तेव्हा होतीस का?"

या युक्तिवादाला वनस्पतिशास्त्रात उत्तर नाही. साहेब पेन धरून उभे. सेक्रेटरींनी खालून डोळे वटारले, हाताने 'बसा' अशी खूण केली, शेवटी दबक्या आवाजात म्हणाले, "काका, पासष्ट रोपं लावावी लागतील. सहा ते आठ फुटांची. सात वर्षं जगवावी लागतील. आपल्या आवारात जागा चारांची आहे."

"मग लावा! झाडं लावायला काय होतं?" काका म्हणाले. मग जरा थांबून, "पण माझ्या खिडकीसमोर नको. उजेड जातो."

साहेब शहाणे होते. त्यांनी घेर, जात आणि समोर दिसतंय ते पाहून बेचाळीस लिहिलं. काकांनी लगेच लेखी हरकत दिली. झाड तोडायला त्यांची हरकत नव्हती. वय कमी लिहिण्याला होती.

मग ठेकेदार शोधणं. आलेल्या प्रत्येकाने झाडाकडे न पाहता गेटकडे पाहिलं, टेम्पो आत येतो का एवढंच. एक म्हणाला, "लाकूड आमचं, पैसे कमी घेतो." सागाच्या बाबतीत हे बोलणं विचार करण्यासारखं असतं, पण सागाच्या लाकडाची वाहतूक वनखात्याच्या परवान्याशिवाय होत नाही. गुलमोहराला जळणाशिवाय गिऱ्हाईक नाही, त्यामुळे 'लाकूड आमचं' म्हणजे 'तुमचा कचरा न्यायचे पैसे तुम्हीच द्या'. आम्ही ज्याला काम दिलं त्याने दोर आणला होता, म्हणून दिलं. अडचणीच्या जागेत झाड एकदम पाडायचं नसतं, शेंड्याकडून तुकडे करत दोराने उतरवायचं असतं. दोर वरच्या मजबूत फांदीच्या बेचक्यातून आणि खाली दुसऱ्या भरीव खोडाला दोन-तीन वेढे देऊन. धरणाऱ्याने दोर हाताला गुंडाळून घ्यायचा नाही. एक फूट जाडीचा, सहा फूट लांबीचा ओला ओंडका सव्वाशे किलोच्या घरात जातो. तो सुटला तर दोर माणसाला बरोबर घेऊन वर जातो. हे मी खालच्या मुलाला सांगितलं तेव्हा तो हाताला वेढा देऊनच उभा होता. वरचा चपला काढून अनवाणी चढला, कमरेला पट्टा नाही, डोक्याला काही नाही, एका हातात चालू कटर. आणि आमची मंडळी खालून सांगतायत, "तेवढी डावीकडची पण घ्या!" इथे विनोद करायचा होता, पण सुचत नाही. तो पडला असता तर त्याच्या विम्याचं कोणी विचारलं होतं? सोसायटीच्या कोटेशनमध्ये जीएसटीचा रकाना होता, पट्ट्याचा नव्हता. विजेची सर्व्हिस वायर पोरगं बांबूने बाजूला धरून उभं होतं. तो बांबू ओला होता. शेवटी मी ओरडून काम थांबवलं आणि वीज बंद करून घेतली. त्यावर तीन घरांतून टीव्ही गेल्याची तक्रार आली.

खोडाच्या मध्यावर कटर ठिणग्या उडवून बंद पडला. पोकळीत कुणीतरी पूर्वी विटांचे तुकडे आणि सिमेंट भरलं होतं. झाडाचा दात भरायची ही जुनी हौस. झाड आपली कूज आपणच भिंती घालून अडवतं, हे अमेरिकेतले वृक्षरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं; सिमेंटने आधार मिळत नाही, वाऱ्यात ते आतून घासतं, ओल धरतं. आणि साखळीचे दात जातात ते वेगळेच. साखळीचे पैसे अर्थातच आमच्या अंगावर आले.

काका भिंग घेऊन खाली उतरले, बुंध्यावरून हात फिरवला. वर्तुळं मोजायची होती. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत वर्तुळं थंड देशांतल्यासारखी वर्षाला एक अशी सुटी दिसत नाहीत, आणि इथे मधोमध घमेलंभर भोक. काकांनी कडेची एकवीस मोजली आणि जाहीर केलं, "बाकीची चव्वेचाळीस भोकात होती."

जाता जाता ठेकेदार म्हणाला, "त्या आंब्याचा शेंडा उडवू का? त्यातच करून देतो." बुंधा त्यातच होत नव्हता, आंब्याचा शेंडा होत होता. शेंडा उडवलेलं झाड जिथून कापलं तिथून झाडूसारखे कोंब फेकतं, ते नुसते सालीजवळ चिकटलेले असतात आणि दोन-चार पावसाळ्यांत तेच मोडून पडतात. फांदी काढायची तर आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीपर्यंत काप, मग दोन-तीन इंच पुढे वरून आरपार, म्हणजे साल सोलून खाली येत नाही. उरलेला ठोंब शेवटी, फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते तिच्या लगत बाहेरून. वळी कापायची नाही, ठोंबही ठेवायचा नाही. जखमेला डांबर फासायचं नाही. हे ऐकून ठेकेदार म्हणाला, "डांबराचे वेगळे पडतील."

बुंधा जमिनीलगत कापायला कटर चालू असताना दहा मिनिटं लागली असती. आता नुसता बुंध्यासाठी यायचा जो आकडा त्याने सांगितला, तो झाडाच्या निम्मा आहे. जेसीबी लावला तर खालची पाण्याची लाइन जाईल. कोणी ॲसिड सुचवतं, कोणी रॉकेल ओतून पेटवायला सांगतं, गेटला लागून, गॅसच्या पाइपशेजारी.

बेचाळीस रोपांतली चार आवारात लागतील, बाकीची कुठे लावायची यावर रविवारी सभा झाली. पाणी घालायला कोण, हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. "मी वय सांगायचं काम केलं," काका म्हणाले, "पाण्यासाठी तरुण मंडळी बघा. आणि इतिवृत्तात बेचाळीस लिहू नका. पासष्ट लिहा, कंसात बेचाळीस."