मागच्या बाकावर कोण बसणार?

बारावीचा निकाल हातात आल्यावर भाचीनं फोनवर विचारलं, "मावशी, डी.एल.एड. करू की चार वर्षांचं एकात्मिक बी.एड.? मला पहिली-दुसरीलाच शिकवायचंय." पहिली प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका, दुसऱ्यात पदवी आणि बी.एड. एकत्र. तिला लगेच उत्तर देता आलं नाही. मी महाराष्ट्रात डी.एड., म्हणजे आताचं डी.एल.एड., केलं, काही वर्षं शिकवलंही. फिनलंडला आल्यावर इथली भाषा शिकले आणि आता युवॅस्कुलाच्या विद्यापीठात वर्गशिक्षिका, म्हणजे प्राथमिकच्या एका वर्गाला बहुतेक सगळे विषय शिकवणारी बाई, होण्यासाठी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे.

तिकडे महाराष्ट्रात शिक्षकांमध्ये सध्या टीईटीशिवाय, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेशिवाय, दुसरा विषय नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ सप्टेंबर २०२५ रोजी आला. वीस वर्षं शिकवलेल्या माझ्या तिथल्या एक जुन्या सहकारी बाई तेव्हापासून रात्री सराव प्रश्नसंच सोडवतात. काहींना हा अपमान वाटतो. पालक म्हणतात, येत असेल तर भीती कसली? मला दोघांचंही कळतं. पण भांडण चाललंय ते दीडशे बहुपर्यायी प्रश्नांवर, आणि शिक्षक घडतो ती जागा या भांडणात कुठेच नाही.

त्या जागेबद्दल सांगते. विद्यापीठाच्या सराव शाळेत मी दुसरीच्या वर्गाला वजाबाकी शिकवत होते. एका मुलानं ५२ वजा ३८ चं उत्तर २६ लिहिलं. मी खोडून बरोबर रीत दाखवली आणि पुढे गेले. मागच्या बाकावर माझ्या मार्गदर्शक शिक्षिका वही घेऊन बसल्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं: २६ कुठून आले? आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन. म्हणजे त्या मुलानं हलगर्जीपणा केलेला नव्हता. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, हा स्वतः तयार केलेला नियम त्यानं इमानदारीनं पाळला होता. दशक सुटा करणं त्याच्या हाताला लागलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी काड्यांचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या, तेव्हा त्याचं त्यालाच उमगलं.

डी.एड.ला मीही सराव पाठ घेतले होते. पाठाची आखणी लिहायची टाचणवही सुंदर होती: उद्दिष्टं, पूर्वज्ञान, हेतुकथन, फलकलेखन. निरीक्षक एकाच वेळी तीन-चार वर्ग सांभाळायचे. पाच मिनिटं उभे राहायचे, 'आवाज स्पष्ट, फळ्याचा वापर योग्य' असं लिहून सही करायचे. मुलांनी काय चुकवलं आणि का, हे मला कुणी विचारलं नाही. त्यांना वेळच नव्हता. तेव्हा गल्लोगल्ली अध्यापक विद्यालयं निघाली होती, आणि २०१० नंतर भरती कित्येक वर्षं जवळपास थांबली. माझ्याबरोबरच्या अनेक हुशार मुली पदविका कपाटात ठेवून दुसऱ्या कामाला लागल्या. त्याचं दुःख मला आजही आहे.

फिनलंडनं १९७१ साली शिक्षक प्रशिक्षणाचा कायदा केला, ते विद्यापीठात नेलं आणि १९७९ पासून पहिली ते सहावीच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी सक्तीची केली. पाच वर्षांचा अभ्यास, त्यात प्रबंध. फिनिश भाषेतल्या या पदवीला शुल्क नाही. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या पुढे, या देशाची ५६ लाखांच्या आसपास. हे तसंच्या तसं उचलून नेता येणार नाही. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलांच्या पीसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतले इथलेही गुण २००६ नंतर घसरत गेले आहेत आणि वर्गशिक्षक व्हायला येणाऱ्यांचे अर्जही कमी होताहेत. पदवी लांबवली की मुलं आपोआप शिकतात, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे. प्राथमिकचा अभ्यास विद्यापीठात यावा, हे मला मनापासून पटतं. लहान मुलांना शिकवायला कमी शिक्षण पुरतं, ही समजूत त्यानं मोडेल. पण दोन वर्षांचं डी.एड. तालुक्याच्या गावी होतं, म्हणून कितीतरी मुली घरातल्या पहिल्या नोकरदार झाल्या. चार वर्षं दूरच्या शहरात राहायचं म्हटलं तर त्यांच्यातल्या किती जणींना घरून पाठवतील? १९८६ च्या धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, उभ्या राहिल्या. पदवी तिथे न्या, त्यांना विद्यापीठाशी जोडा, शेजारची जिल्हा परिषदेची शाळा सराव शाळा करा आणि तिथल्या उत्तम शिक्षकांना मार्गदर्शनासाठी तासिका मोकळ्या द्या. आणि चार वर्षं शिकून आलेल्या मुलीला शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना १६,००० रुपयांवर ठेवू नका.

भाचीला मी शेवटी म्हटलं, नाव बघून ठरवू नकोस. ज्या दोन-तीन ठिकाणी अर्ज करणार आहेस तिथे स्वतः जा. विचार, सरावाला कोणती शाळा मिळेल, किती आठवडे, एका निरीक्षकाकडे किती छात्राध्यापक असतात आणि पाठ संपल्यावर बसून बोलतात का. जिथे बोलतात म्हणतील, तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून पुन्हा तेच विचार.

सोमवारी जाते म्हणाली.