हिरवा, पण तो हिरवा नव्हे

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता एका अनोळखी म्हाताऱ्याने मला सांगितलं की माझं इंजिन चुकीच्या हिरव्या रंगाचं आहे. आज बुधवार. राग अजून उतरलेला नाही.

आधीची हकिगत थोडक्यात. इंग्लंडात लेटन बझर्ड गावाजवळ, ग्रँड युनियन कालव्यावर, 57 फूट लांब आणि 6 फूट 10 इंच रुंद अशा एका लोखंडी डब्यात मी आणि बायको राहतो. इथे त्याला नॅरोबोट म्हणतात. सांगलीकडचे आमचे नातेवाईक 'ती होडी' म्हणतात, तेही आवाज खाली आणून. बोटीच्या मागच्या टोकाला, पायाखालच्या फळ्या उचलल्या की, दोन सिलिंडरचं लिस्टर डिझेल इंजिन दिसतं. हवेने गार होणारं, वयाने माझ्याहून मोठं, आणि माझ्यासारखंच थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारं. ते तेल गळायला लागलं. कुठून ते कळेना, कारण सगळंच काळं. जाणकार म्हणाले, घासून पुसून रंग द्या, ताज्या रंगावर तेलाचा ओघळ लगेच दिसतो. सल्ला उत्तम होता. मुकाट्याने पांढरा लावला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण मला मूळचा रंग हवा होता.

रंगाच्या दुकानात हल्ली एक यंत्र असतं. नमुना त्याच्या डोळ्याखाली धरला की ते त्या रंगाची कुंडली मांडतं. काळा इतका, पिवळा इतका, निळा चिमूटभर. मी टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं एक झाकण, खोलून, रुमालात गुंडाळून नेलं. यंत्र फारच प्रामाणिक निघालं. त्याने कव्हरवरच्या कैक वर्षांच्या धुराचा, तेलाचा आणि करपलेल्या रंगाचा हुबेहूब मेळ घातला. घरी डबा उघडला तर आत पालकाची भाजी, तीही कालची.

दुसऱ्या खेपेला शहाणा झालो आणि नंबरच घेऊन गेलो. ब्रिटिश स्टँडर्ड 381सी नावाचा रंगांचा तक्ता आहे. त्यात ब्रन्सविक ग्रीन तीन भावंडं: 225 फिका, 226 मधला, 227 गडद. जुनं लिस्टर म्हणजे 226, असं दहातले नऊ जण छातीठोकपणे सांगतात, आणि दहावा त्या नऊजणांना मूर्ख म्हणतो. मी नऊजणांच्या बाजूने गेलो. दुकानाच्या ट्यूबखाली रंग झकास दिसला. टोपाथवर, म्हणजे पूर्वी बोटी ओढणारे घोडे कालव्याकाठी ज्या वाटेने चालायचे तिथे, उन्हात धरला तर निळसर. इंजिनाच्या खड्ड्यात बॅटरीच्या दिव्याखाली जवळजवळ काळा. रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, हे शास्त्र आहे म्हणे. लग्न जुळवणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक असावं. त्यात एनॅमल ओलं असताना एक दिसतं आणि वाळल्यावर दुसरंच. खाली प्रायमर राखाडी की तांबडा, यानेही पहिल्या हाताला फरक पडतो. तिसरा डबा मी स्वतःच, पहिले दोन चमच्याने एकत्र करून, बनवला. चमचा भाजीचा होता. त्यावर घरात स्वतंत्र चर्चा झाली.

गावाकडे आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. किर्लोस्करवाडी तिथून फार लांब नाही, त्यामुळे ते इंजिन म्हणजे जणू भावकीतलंच. अण्णा त्याला दर दोन-तीन वर्षांनी खंडेनवमीच्या आधी रंग द्यायचे. कुठला? घराच्या दारांना लावून उरलेला. एक वर्ष दारं चॉकलेटी, इंजिन चॉकलेटी. एक वर्ष दारं आकाशी, इंजिन आकाशी. वर झेंडूचा हार, हळदीकुंकू, समोर नारळ. पोरंसोरं, गडी, वाटेने जाणारे, कुणीही कधी थांबून 'मूळचा रंग हा नव्हे' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. इंजिनाचं पाणी उसापर्यंत पोचायचं. विषय संपला.

तर शनिवार. दोन हात वाळले होते, मी फळ्या उचलून, गुडघ्यावर बसून, शेवटचा कोपरा बारीक ब्रशने भरत होतो. टोपाथवर बुटांची एक जोडी थांबली. शेजारी कुत्र्याचे चार पाय. कालव्यावर नुसतं उभं राहून दुसऱ्याच्या बोटीकडे बघत बसणाऱ्यासाठी इंग्रजीत खास शब्द आहे, गाँगूझलर. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला इतकं घरच्यासारखं वाटलं! म्हणजे बघे. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीभोवती जमतात तेच, फक्त हातात कुत्रा.

"लिस्टर का?" बूट म्हणाले.

"हो."

"एसआर टू."

"हो."

"मग हा रंग कुठला?"

"मिड ब्रन्सविक ग्रीन," मी म्हणालो. चमच्याची गोष्ट सांगितली नाही.

बुटांनी मोठा श्वास घेतला. मग गुडघे दिसले, मग करड्या मिशा, मग एक बोट, जे मी जीव तोडून 'ओला आहे, ओला आहे' म्हणत असताना थेट फ्लायव्हीलच्या झाकणावर टेकलं. बोटाचा ठसा अजून तिथे आहे. पोलिसांना हवा असल्यास द्यायची माझी तयारी आहे.

"नाही," तो बोटाकडे बघत म्हणाला, "हा मिड ब्रन्सविक नव्हे."

मी तक्ता दाखवला. तो म्हणाला, तक्ते छापताना रंग बदलतात. मी डब्यावरचा नंबर दाखवला. तो म्हणाला, दुकानदार काहीही लिहितात. मग मला वाटलं तो जाईल. तो गेलाही. दहा मिनिटांनी बायकोला घेऊन परत आला. तिच्या अंगात हिरवा रेनकोट होता. पावसाचा थेंब नव्हता. बाईंना पुराव्यादाखल तो घालायला लावला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"जरा वाक," तो तिला म्हणाला, "बाही इंजिनाजवळ धर. हं. हा बघा ब्रन्सविक."

"हा ऑलिव्ह आहे," बाई म्हणाल्या.

"ऑलिव्ह? हा कोट घेतल्यापासून ब्रन्सविक आहे."

"कोट मी घेतलाय. चिठ्ठीवर ऑलिव्ह लिहिलं होतं."

"चिठ्ठ्यांवर काहीही लिहितात."

यावर त्या दोघांचं जे सुरू झालं ते मला सगळं समजलं नाही, पण त्यात एकदा बैठकीच्या खोलीचे पडदे आले आणि एकदा तिचा भाऊ आला. दरम्यान एक सायकलवाला थांबला. त्याच्या मते लिस्टर मुळात राखाडीच असायचं. समोरच्या बोटीवरून चहाचा मग घेऊन एक गृहस्थ ओरडले, "पर्किन्स घ्यायला हवं होतं, निळं असतं, भानगड नाही!" कुत्रा माझ्या ब्रशचा वास घेत होता. मी अजून गुडघ्यावरच.

इथवर मीही हसत होतो, खरंच. मग म्हाताऱ्याने माझ्याकडे वळून, समजूत काढल्याच्या सुरात म्हटलं, "असू दे. तुमच्याकडे भडक रंग आवडतात ना."

मी काय बोललो? "हाहा." एवढंच. मला चोख उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी दात घासताना सुचतं. अहो आजोबा, या कालव्यावरच्या जुन्या बोटी बघा एकदा! दारांवर, पाण्याच्या कॅनवर, बादल्यांवर लाल-पिवळे गुलाब आणि त्यामागे किल्ले, तेही असे की डोंगर, तळं, पूल, बुरूज, सगळं एका ताटलीत. 'गुलाब आणि किल्ले' हीच इथली मानाची परंपरा. ट्रकच्या मागे मोर आणि कमळ काढणाऱ्या आमच्या पेंटरनेही जिच्यापुढे हात जोडावेत अशी. आणि भडक आम्ही? शिवाय ब्रन्सविक म्हणजे जर्मनीतलं ब्राउनश्वाइग. ज्या हिरव्याची राखण करायला हा माणूस बायकोला रेनकोट घालून घेऊन आला, त्याला नावच जर्मनीतल्या गावाचं.

बारा वर्षं या देशात कर भरतोय. बोटीचं लायसन्स आहे, विमा आहे. टोमणा एवढासा, तक्रार करायला जावं तर आपणच हलके ठरू असा. म्हणून तो गिळायचा, आणि बुधवारपर्यंत तो तिथेच अडकून बसतो.

बायको म्हणाली, "अहो, फळ्या टाकल्यावर कोणाला दिसणारे ते?" हा मुद्दा मला तीन डब्यांपूर्वी ऐकायला आवडला असता. मग अण्णांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. इंजन पळतंय का न्हाई?"

खरं तर तीन आठवडे मी ते सुरूच केलं नव्हतं.

काल संध्याकाळी केलं. दुसऱ्या खेपेला धडधडलं, आणि दहा मिनिटांत ताजा रंग तापून असा धूर निघाला की बायकोने आतून सगळ्या खिडक्या उघडल्या. धूर विरेपर्यंत म्हटलं जागा बदलू, मोकळ्या हवेत जाऊ. दोर सोडला आणि निघालो. तेवढ्यात टोपाथवर कुत्रा दिसला.

कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल. बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर लाटेने त्यांचे खुंटे उपटतात. आणि आमच्या त्या वाटेला अर्धा मैल बांधलेल्या बोटीच बोटी. म्हणजे धडधाकट म्हाताऱ्याची चाल आणि माझं पलायन यांचा वेग एकच. तो शेजारून चालत होता, मी सुकाणूला धरून सरळ समोर बघत होतो. त्याने धुराबद्दल विचारलं. इंजिन पेंट वापरला की साधा, ते विचारलं. रेनकोट ऑलिव्हच निघाला, हेही प्रांजळपणे सांगितलं. मग बोटी संपल्या, मी थोडा वेग घेतला आणि तो वळणाआड गेला.

लॉकपाशी, म्हणजे फाटकांमध्ये पाणी कमीजास्त करून बोट वर-खाली नेतात तिथे, पोचलो तर तो आधीच हजर. जवळची वाट माहीत असणार. माझ्यासाठी फाटक उघडून, पाठ दांड्याला टेकवून उभा होता.

"एक्झॉस्टला," मी आत शिरत असताना तो वरून म्हणाला, "काळा लावणार नाही ना?"