सेकंद मोजून फुफ्फुसं मोजता येत नाहीत

माझी भाची सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतलाय ‘आपल्या फुफ्फुसांची क्षमता’. परवा ताईकडे जेवायला गेले तेव्हा पुठ्ठ्याच्या मधोमध तिनं व्हॉट्सॲपवरून आलेला एक तक्ता चिकटवलेला दिसला. 10 सेकंद श्वास धरता आला तर फुफ्फुसं ‘साधारण’, 30 सेकंद ‘चांगली’, 50 सेकंद ‘उत्तम’. खाली ठळक अक्षरात: ‘खोकला न येता श्वास धरता आला, तर तुमच्या छातीत कोणताही आजार नाही.’ संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची परीक्षा झाली होती. आजीला 9 सेकंद जमले होते आणि ताटावर बसल्यावरही ती तेच बोलत होती, ‘माझं काही खरं नाही आता.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे, श्वसनाचे व्यायाम शिकवणं हे माझं रोजचं काम. हा तक्ता म्हणजे 2020 मध्ये कोरोनाबरोबर घरोघरी पोहोचलेल्या मजकुराचंच नवं रूप आहे. तेव्हा ‘10 सेकंद श्वास रोखा, त्रास झाला नाही तर कोरोना नाही’ असं फिरत होतं. मग लाल ठिपका नळीतून पुढे सरकतो आणि तो टोकाला पोहोचेपर्यंत श्वास धरायचा, तो व्हिडिओ आला. त्यामुळे माणसं उगाच घाबरलेली आणि उगाच निर्धास्त राहिलेली, दोन्ही मी पाहिली आहेत. म्हणून एकेक दावा घेऊन लिहिते.

पहिला दावा: जितके सेकंद श्वास धराल तितकी फुफ्फुसांची क्षमता.

श्वास रोखल्यावर काही वेळानं जी घालमेल सुरू होते, ती फुफ्फुसातली हवा संपली म्हणून होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला कळतो आणि तिथून ‘श्वास घे’ असा हुकूम सुटतो. ही घालमेल किती वेळ सोसायची हे सवयीवर, मन शांत आहे की नाही यावर आणि आधी कसा श्वास घेतलात यावर ठरतं. छाती पूर्ण भरून धरलं तर वेळ वाढतो हे खरं, म्हणजे आकारमानाचा संबंध अजिबात नाही असं मी म्हणत नाही. पण तो इतक्या बाकीच्या गोष्टींत मिसळलेला असतो की सेकंदांवरून लिटर काढता येत नाहीत.

यावर 1954 मधला फाउलर या संशोधकाचा एक प्रयोग मला फार आवडतो. माणसांना अगदी असह्य होईपर्यंत श्वास रोखायला लावला. मग त्यांना जी हवा दिली तिच्यात ऑक्सिजन फक्त 8 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड तब्बल साडेसात टक्के होता. अशा हवेनं रक्तातली परिस्थिती काही सुधारत नाही. तरीही दोन-चार श्वास घेतल्यावर त्यांना बरं वाटलं आणि पुन्हा श्वास रोखता आला. छातीची नुसती हालचाल झाली तरी घालमेल शमते, एवढी ती भावना फुफ्फुसाच्या मापापासून लांबची आहे.

घरचंच बघा. आजीनं पहिल्यांदा श्वास धरला तेव्हा भाची घड्याळ घेऊन समोर उभी, नातवंडं हसतायत, आणि आजीनं अर्धाच श्वास घेतलेला. जेवणानंतर मी तिला आरामात बसवलं आणि छाती भरून श्वास घ्यायला सांगितला. 17 सेकंद. दोन तासांत फुफ्फुसं दुप्पट होत नाहीत.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. सेकंदांची चढाओढ लागली की मुलं लवकरच एक युक्ती शोधतात: आधी भराभर, जोरजोरात श्वास घ्यायचे आणि मग रोखायचा. त्यानं कार्बन डायऑक्साइड घटतो, घालमेल उशिरा सुरू होते, पण ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. घालमेलीच्या आधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपू शकते. मे महिन्याच्या सुट्टीत विहिरीवर, नदीवर ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ’ हा खेळ चालतो, तिथे हीच युक्ती जीव घेते. पाण्यातल्या माणसाला आधी काहीही जाणवत नाही. घरात हा तक्ता लावणाऱ्यांनी मुलांना एवढं तरी सांगायलाच हवं.

दुसरा दावा: श्वास धरता आला म्हणजे छातीत आजार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्येच स्पष्ट केलं होतं की 10 सेकंद श्वास धरता येणं म्हणजे कोविड किंवा फुफ्फुसाचा दुसरा कोणताही आजार नसणं नव्हे. कारण वर आलंच आहे. घालमेल होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे. हा वायू फुफ्फुसातून ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज बाहेर पडतो. कोविडच्या न्यूमोनियात कित्येकांचा ऑक्सिजन घसरत होता, पण कार्बन डायऑक्साइड साठत नव्हता, त्यामुळे दम लागल्यासारखं वाटतच नव्हतं. 2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या ओळखीतले एक काका रोज सकाळी ठिपक्याचा व्हिडिओ लावून श्वास धरायचे आणि ‘पास झालो’ म्हणून ग्रुपवर कळवायचे. मुलानं ऑक्सिमीटर आणून लावला तेव्हा रक्तातला ऑक्सिजन 86 वर घसरलेला होता. ते वाचले, पण मधले दोन दिवस वाया गेले ते गेलेच. त्या काळात ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालायला आणि आकडा घसरतो का ते बघायला सांगत होते, ते यासाठीच.

काही डॉक्टरांनी तेव्हा श्वास रोखण्याचा व्यायाम सांगितला होता हे मला माहीत आहे. स्वतःचा रोजचा वेळ लिहून ठेवायचा आणि तो घटतोय का बघायचं, असं ते होतं. ज्याची त्याची स्वतःशीच तुलना. त्यावरून ‘50 सेकंद म्हणजे उत्तम’ हे कुठून आलं?

दम्याचं तर वेगळंच आहे. तिथे हवा किती मावते यापेक्षा ती किती झपाट्यानं बाहेर पडते हे महत्त्वाचं. निरोगी माणूस जोरानं फुंकला की पहिल्या एका सेकंदातच तीन-चतुर्थांशाच्या आसपास हवा बाहेर टाकतो, मुलं तर त्याहूनही जास्त. दम्यात नळ्या आवळतात आणि हाच वेग पडतो. श्वास रोखून ठेवलेल्या माणसात हवा हलतच नाही, मग वेग दिसणार कुठून?

तिसरा दावा तीन गोळ्यांच्या खेळण्याबद्दल. हॉस्पिटलमधून आणलेलं, श्वासाच्या व्यायामाचं ते निळं-पांढरं यंत्र आता घरोघरी कपाटावर असतं. ‘तिसरा गोळा उचलला म्हणजे क्षमता 1200.’ त्यावरचे 600, 900, 1200 हे आकडे हवेच्या वेगाचे आहेत, दर सेकंदाला इतके घन सेंटिमीटर. तिन्ही गोळे झटक्यात अर्धा सेकंद उचलले तर आत गेली 600 मिली हवा. एकच गोळा तीन सेकंद तरंगत ठेवला तर 1800 मिली. म्हणजे एक गोळावाला तीन गोळेवाल्याच्या तिप्पट श्वास घेतो. ऑपरेशननंतर फुफ्फुसाचा तळ उघडा राहावा म्हणून सावकाश, खोल श्वास घ्यायचा, एवढ्यासाठी ते आहे. आणि कृपा करून त्यात फुंकू नका, ते आत ओढायचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले निदान तीन-चार जण आधी फुंकत आलेले असतात.

फुगे फुगवून फुफ्फुसं मोठी होतात, असंही म्हणतात. त्याबद्दल थोडक्यात: फुगे फुगवून श्वास बाहेर टाकणारे स्नायू कामाला लागतात, फुफ्फुसं मोठी होत नाहीत. ती मुलांच्या वाढीच्या वयात उंचीबरोबर वाढतात.

मग प्रकल्पात मोजायचं कसं? तेही आम्ही त्याच रात्री केलं. पाच लिटरचा पाण्याचा रिकामा कॅन घेतला. मापाच्या भांड्यानं दर 200 मिलीला पाणी ओतून स्केचपेननं रेघा मारल्या. कॅन काठोकाठ भरला, तोंडावर हात ठेवून पाण्याच्या टबात उलटा केला, आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी खालून आत सरकवली. छाती भरून श्वास घ्यायचा, नाक चिमटीत धरायचं, नळीत शेवटपर्यंत फुंकायचं. जेवढं पाणी उतरलं तेवढी हवा. लंडनच्या जॉन हचिन्सन या सर्जननं 1846 मध्ये दोन हजारांवर माणसांची मापं प्रसिद्ध केली, त्याचं यंत्रही पाण्यात उलट्या धरलेल्या भांड्याचंच होतं. उंची दर इंचानं वाढली की सुमारे 8 घन इंच, म्हणजे 130 मिली हवा वाढते, हे त्यानं दाखवलं.

या मापाचं नाव व्हायटल कपॅसिटी. पूर्ण फुंकल्यावरही मोठ्या माणसाच्या छातीत लिटरभर हवा उरतेच, ती कॅनमध्ये कधी येत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर ‘एकूण क्षमता’ लिहायचं नाही असं मी भाचीला सांगितलं. शिवाय अंगातली गरम हवा पाण्यात गार होऊन आकसते, आकडा सुमारे 7 टक्के कमी येतो. प्रत्येकाला नळीचा स्वतंत्र तुकडा द्यायचा, दोन फुंकांच्या मधे बसायचं, चक्कर आली तर थांबायचं.

सोसायटीत कबड्डी खेळणारा नववीतला मुलगा आहे, त्यालाही बोलावलं. श्वास धरला 52 सेकंद. कॅनमध्ये 3000 मिली. त्याच उंचीच्या, कधी मैदानावर न गेलेल्या त्याच्या मित्राचे 27 सेकंद आणि 2900 मिली. भाचीनं दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिनं स्वतःच तक्त्यात उंचीचा रकाना वाढवला. मित्राला दमा आहे. त्याच्या फुंकेचे बुडबुडे बाकीच्यांचे थांबल्यावरही कितीतरी वेळ बारीक बारीक येत राहिले, म्हणून आणखी एक रकाना आला: ‘फुंकायला लागलेला वेळ’.

शेवटी आजी. टबाजवळ पाटावर बसून तिनं फुंकलं, पाणी 1600 च्या रेघेला आलं. तिचं वय 72, उंची चार फूट दहा इंच. मी म्हटलं, ‘आई, तुझ्या मापाला हा आकडा अगदी बरोबर आहे.’ तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग पुठ्ठा मांडीवर घेतला आणि मधला तो तक्ता नखानं कडेपासून सोडवायला लागली.