ऑपरेशननं नाही, मधल्या दोन दिवसांनी

आज सकाळी रात्रपाळी करून आले आणि गावच्या ग्रुपवर मेसेज वाचला. "साधं पोट दुखत होतं, दवाखान्यात नेलं, फाडून मारून टाकलं." खाली शिव्याशाप आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. झोप उडाली ती उडालीच.

सर्जरी वॉर्डात सिस्टर म्हणून माझं निम्मं आयुष्य गेलंय. म्हणून लिहितेय, आणि आमच्या अप्पांमुळे लिहितेय.

अप्पा माझे चुलते. वय 58. गुडघे धरलेले, म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅकच्या, म्हणजे दुखणं मारायच्या, सुट्या गोळ्या आणायचे आणि सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर घ्यायचे. वर बिडी. एक दिवस पहाटे गोठ्यात पोटात अशी कळ आली की जागच्या जागी बसले. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुपारी चुलतभावाचा फोन, "ताई, उतार पडलाय, बरं वाटतंय त्यांना." मी म्हटलं, उतार पडला तरी तसाच घेऊन ये. काकू म्हणाल्या, आत्ताच डोळा लागलाय, उद्या बघू.

हा उतार फसवा असतो हो! अल्सर, म्हणजे अशा गोळ्यांनी जठराला पडलेली जखम, फुटला की जठरातलं ॲसिड पोटात सांडतं, तेव्हा जीव जाईल अशी कळ येते. काही तासांनी पोटाच्या अस्तरातून पाणी सुटतं, ॲसिड पातळ होतं, दुखणं मंदावतं. घरच्यांना वाटतं इंजेक्शन लागू पडलं. आत मात्र जंतू वाढत असतात, आणि ते अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, अंथरलं तर जवळजवळ अंगावरच्या कातडीइतकं भरेल. तेवढ्या जागेतून विष रक्तात जातं.

अप्पा दुसऱ्या दिवशी रात्री आले. जीपमधून. प्रत्येक खड्ड्याला विव्हळत आले, असं भाऊ म्हणाला. मुतखड्याचा पेशंट गडाबडा लोळतो, पेरिटोनायटिसचा, म्हणजे हे अस्तर सुजलेला, पेशंट गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडतो, कॉटला धक्का लागलेला खपत नाही त्याला. पोट फळीसारखं कडक. जीभ कोरडी. कॅथेटर घातला तर पिशवीत लघवीच येईना. उभ्याने काढलेल्या एक्सरेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसली, म्हणजे आत भोक पडलेलं. टेबलावर घेतलं तेव्हा आत पू. भोक जेमतेम पाच मिलिमीटरचं.

पेरिटोनायटिस जिवावर किती बेतलाय ते सांगणारं मॅनहाइम इंडेक्स म्हणून एक मोजमाप आहे, जर्मनीतलं, गुण जास्त तितका धोका जास्त. आमचे रेसिडेंट डॉक्टर पेपरावर मांडतात. पन्नाशीच्या पुढचं वय, 5. मोठ्या आतड्याचं नसलेलं दुखणं, 4. पोटभर पसरलेलं, 6. इथवर अप्पांचे 15 झाले, आणि त्याच दुपारी आले असते, पोटातलं पाणी अजून स्वच्छ असतं, तर 15 वरच थांबले असते. पण 24 तास उलटले, 4. पू झाला, 6. किडनी बसली, 7. एकूण 32. 29 च्या वर गेलं की आमच्या पोटात गोळा येतो. हे 17 गुण कुठल्या सर्जनने दिले? घरी, दुपारी, "डोळा लागलाय" म्हणताना ते चढले!

त्याच इंडेक्समध्ये बाई असली की आणखी 5 धरतात. जर्मन डॉक्टरांचं गणित काय असेल ते असो, माझ्या वॉर्डात बाई सगळ्यांची जेवणं आटपून, भांडी घासून, मग पोट धरून बसते आणि तिसऱ्या दिवशी येते. हे लिहिताना हात थरथरतोय माझा.

हो, ऑपरेशननंतर आतडं जोडलेल्या जागी गळती होते, त्यानेही पेरिटोनायटिस होतो. दवाखान्यांकडूनही हयगय होते. मान्य.

पण आपल्याकडे बाहेरून येणारे बहुतेक पेशंट फुटलेल्या अल्सरचे, फुटलेल्या अपेंडिक्सचे, नाहीतर टायफॉइडचे. टायफॉइडचा ताप तिसऱ्या आठवड्यात पोचला की लहान आतड्याला भोक पडायची भीती असते. पोरगं तापाने फणफणलेलं असतं आणि घरचे नुसतं सलाईन लावून घेत हिंडतात. आतड्याचा टीबीही असतोच.

काकूंना मी कधी बोलले नाही. बोलणारही नाही. नवऱ्याला पहाटेपासून तळमळताना बघितलेली बाई, त्याला झोप लागली तर उठवणार कशी? आणि गावातल्या त्या डॉक्टरांशिवाय तिथे रात्री दार उघडणारं तरी कोण आहे? राग त्यांचा नाही. राग येतो गोळ्या सुट्या कापून देणाऱ्याचा, आणि चौथ्या दिवशी अप्पा गेल्यावर "चिरफाड केली म्हणून गेला" असं म्हणत वॉर्डाची काच फोडणाऱ्यांचा. त्या रात्री ज्या रेसिडेंट पोराने अप्पांच्या पोटातला पू बाटल्याच्या बाटल्या सलाईनने धुऊन काढला, भोकावर चरबीचा पदर शिवला, तो आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होता.

तेव्हा घरात कुणाला अचानक पोटात कळ आली आणि पोट कडक लागलं, तर दुखणं थांबायची वाट बघू नका, थांबलं तरी आणा. हिंगाचं पाणी, सोडा, दहीभात, काही देऊ नका, भूल द्यायची वेळ येऊ शकते. 108 ला फोन करा. म्हातारं माणूस किंवा शुगरचा पेशंट असेल तर पोट कडक होण्याचीही वाट बघू नका, त्यांना कळ कमी जाणवते. कळ किती वाजता आली ते लिहून आणा, आणि जी काही गोळी चालू असेल तिचं पाकीट खिशात टाका. आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो.