कूलरसमोर प्रिंटर ठेवू नये

आमच्या आईच्या मते मोबाइलमधला फोटो हा फोटोच नव्हे. फोटो म्हणजे जो पाहुण्यांच्या हातात देता येतो, ज्याला पाहुण्यांचं चिवड्याचं बोट लागतं आणि मग आपल्याला "कडेनं धरा हो, कडेनं!" असं ओरडता येतं. मोबाइल हातात दिला तर पाहुणे दोन फोटो पाहतात आणि तिसऱ्याला बोट सरकवून थेट आपल्या गॅस बुकिंगच्या स्क्रीनशॉटवर पोचतात.

बायकोच्या फोनात फोटो इतके झालेत की फोन रोज सकाळी जागा संपल्याची नोटीस बजावतो. लॅबला द्यायचे तर आधी निवडावे लागतील, निवडायला कोणालाच वेळ नाही, म्हणून घरीच प्रिंटर घ्यावा, असा ठराव जेवताना एकमतानं मंजूर झाला. प्रिंटर घरी आल्यावर ही निवड कोण करणार होतं, हे मी विचारलंही असतं, पण तेव्हा माझ्या तोंडात घास होता.

नागपुरात असल्या खरेदीला बर्डीच गाठावी लागते. सीताबर्डीच्या एका दुकानात शिरलो तर काउंटरवरच्या पोट्ट्यानं वर न पाहताच विचारलं, "महिन्याचे किती निघतात, भाऊ?"

प्रश्न दिसायला साधा आहे, पण फोटो प्रिंटरचा सगळा व्यवहार त्याच्यावरच उभा असतो. मी घरी फोन लावून स्पीकरवर टाकला. आई म्हणाली, "दिवाळीला काढू. आणि कोणी गेलंच तर एक मोठा." बायको म्हणाली, "एकदा सगळे काढून टाकू, मग बघू." मुलगी मागून ओरडली, "रोज!" पोट्ट्यानं कॅल्क्युलेटर हातात घेतला होता, तो खाली ठेवला.

"मग तुम्ही लॅबमध्येच जा ना."

अख्ख्या शोधमोहिमेत मिळालेला हा एकमेव निःस्वार्थी सल्ला. दुकानाच्या मालकानं तो ऐकला, पोट्ट्याला चहा आणायला पाठवलं आणि स्वतः खुर्ची पुढे ओढली.

पुढच्या तासाभरात माझं जे शिक्षण झालं ते असं. स्वस्तातला प्रिंटर कार्ट्रिजवाला असतो. तो इतका स्वस्त असतो की आपण खूश होतो. मग कार्ट्रिजची किंमत विचारतो, आणि दर वेळी प्रिंटरच नवा घ्यावा की काय असा हिशेब मनात सुरू होतो. त्याच्या वरचा टँकवाला. त्यात बाटलीनं शाई ओतायची. छपाई स्वस्त पडते, पण चार रंगांचा टँक म्हणजे ऑफिसच्या कागदांचा. त्यातून माणसाचा चेहरा काढला तर गालावर बारीक ठिपके दिसतात. फोटोला सहा रंग हवेत. एप्सनच्या एल 8050 मध्ये नेहमीच्या चार रंगांच्या जोडीला फिकट निळा आणि फिकट गुलाबी आहे, आभाळ आणि गाल मऊ यावेत म्हणून. कॅननच्या जी 570 मध्ये जास्तीचे दोन रंग म्हणजे लाल आणि करडा. म्हणजे माणसाच्या गालाला नेमकं काय लागतं, यावर जपानातल्या दोन मोठ्या कंपन्यांचंही अजून जमलेलं नाही. मी बर्डीत उभा राहून काय ठरवणार?

"आणि लेझर?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"लेझरचं नावच नका काढू, भाऊ. शाईवाल्या इंकजेटचा चकचकीत कागद त्यात घातला का आतल्या गरम रोलरला वितळून चिपकते. मग मशीन आमच्याचकडे आणता तुम्ही."

कागदाचं तर वेगळंच पुराण. 180 जीएसएम, 230 जीएसएम, 270 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन. ग्लॉसी, मॅट, आणि दोन्हींच्या अधेमधे लटकलेला लस्टर. मालकानं तिन्ही माझ्या बोटांत देऊन डोळे मिटायला सांगितलं. मी बर्डीच्या भर गर्दीत डोळे मिटून कागद चोळत होतो. बाजूला माउस घ्यायला आलेल्या एका बाईंनी आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

घरी आलो तोवर बायकोच्या भावाला पुण्यात बातमी पोचली होती. तो कुठलीही वस्तू घेण्याआधी तिची पुस्तिका वाचतो, आणि वस्तू दुसरा घेत असेल तर आणखी बारकाईनं वाचतो. "भाऊजी, 5760 बाय 1440 डीपीआय आहे ना, बघून घ्या." मी म्हटलं, बघतो. मग त्यानंच सांगितलं की हा आकडा शाईचे थेंब किती दाट पडतात त्याचा. फोटोत तेवढे ठिपके असायला लागत नाहीत. चार बाय सहाच्या फोटोला इंचाला 300 च्या हिशेबानं 1200 बाय 1800, म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास ठिपके पुरतात, आणि ते आजकालच्या कुठल्याही फोनात असतात. मग तो पहिला आकडा बघायचा कशाला? "माहीत असावं," तो म्हणाला. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो मात्र आधीच आवळून आलेले असतात, ते डॉक्युमेंट म्हणून मागवावेत, हा त्याचा सल्ला खरोखरच कामाचा निघाला. आईनं तो लगेच आपल्या भिशीच्या ग्रुपवर टाकला. परिणामी आता तिला 'शुभ सकाळ' डॉक्युमेंट म्हणून येतं.

त्याचं ऐकून मीही एप्सनची पुस्तिका उतरवून वाचायला बसलो, आणि तिथे पान उलटताना एक ओळ सापडली. कामाचं तापमान: 10 ते 35 अंश सेल्सिअस. खाली आर्द्रता: 20 ते 80 टक्के.

ही ओळ लिहिणारा माणूस नागपूरला कधी आलेला नाही. 35 अंश म्हणजे आमच्याकडे मार्चमधली सुखाची दुपार. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47.9 ला टेकला होता. एरवीही नवतपा लागला की 45 ला कोणी बातमी म्हणत नाही. म्हणजे या यंत्राला एप्रिलपासून जूनपर्यंत उन्हाळी सुट्टी. बरं, आर्द्रता? मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की शाई छपाईच्या डोक्यातल्या बारीक छिद्रांतच वाळून बसेल. यावर उपाय म्हणून त्याला कूलरच्या खोलीत ठेवावं, तर कूलर खोलीत पाण्याचा जो काही मारा करतो त्यात पापड मऊ पडतात, तिथे फोटोचा कागद काय टिकणार! कूलर बंद केला तर शाई वाळणार, चालू ठेवला तर कागदाची गुंडाळी होणार. जुलैत पाऊस आला की आर्द्रता 80 च्या पुढे, तेव्हाही बंद. उरला हिवाळा. हिवाळ्यात आमच्याकडे लग्नं असतात आणि आम्ही घरी नसतो.

मी हा प्रश्न दुकानदाराला फोनवर विचारला. तो जराही विचलित झाला नाही. "एसीच्या खोलीत ठेवा ना." आमच्या घरात एसी एकाच खोलीत आहे आणि उन्हाळ्यात त्या खोलीत आम्ही चौघं गाद्या टाकून झोपतो. पाचव्याची जागा काढायची तर कोणाला तरी गच्चीवर जावं लागेल, आणि ते कोण असेल हे मला बायकोच्या नजरेत दिसलं.

शिवाय इंकजेटला पडून राहणं मानवत नाही. आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान काढावं, नाहीतर छिद्रं बुजतात. बुजली की हेड क्लीनिंग करायचं, म्हणजे शाई खर्चून शाईचा रस्ता मोकळा करायचा. ती वाया गेलेली शाई आत एका पॅडमध्ये जमते आणि पॅड भरलं की यंत्र संपावर जातं. "म्हणजे फोटो काढायचे नसले तरी काढायचे," आई म्हणाली. तिला एवढं एक वाक्य ऐकून जे कळलं, ते कळायला मला 40 पानं लागली होती.

मुलीचं मत झिंक नावाच्या छोट्या प्रिंटरकडे होतं. त्यात शाईच नसते, रंगाचे स्फटिक कागदातच असतात आणि उष्णतेनं उमटतात. फोटो दोन बाय तीन इंचांचा, मागे चिकटपट्टी. तिनं मैत्रिणीकडचा नमुना आणून फ्रिजवर लावला. आईनं चष्मा लावला, मग भिंग आणलं आणि विचारलं, "हे कोण?" ती स्वतःच होती. झिंक तिथेच बाद झाला.

एव्हाना समोरचे काका या प्रकरणात उतरले होते. ते वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून आमच्या मजल्यावरच्या सगळ्या खरेद्यांवर त्यांची देखरेख असते. "स्कॅनरवालाच घ्या बाप्पा," ते म्हणाले. "फोटो काय, वर्षातून एकदा. झेरॉक्स रोज लागते." कोणाला लागते, हे त्यांनी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "तुमचा प्रिंटर दोन्ही बाजूनं काढतो का हो? नाही, आधारला दोन्ही बाजू लागतात ना." मग वॉचमननं गावच्या सातबाऱ्याचा विषय काढला. यंत्र अजून बर्डीत खोक्यात होतं आणि इकडे अख्ख्या अपार्टमेंटची कागदपत्रं माझ्या दारात रांग लावून उभी होती. मला स्वच्छ दिसू लागलं की ए-फोर काढणारं यंत्र घेतलं की आपण संपलो.

म्हणून मग डाय-सब्लिमेशन. नाव जड आहे, काम फार देखणं आहे. दुकानदारानं कॅननचा सेल्फी टेबलावर ठेवला (हा 'सेल्फी' म्हणजे यंत्राचं नाव, तोंड वाकडं करून काढतात तो वेगळा). यात शाई नाही, रिबन असते. उष्णतेनं रिबनवरचा रंग वाफ होऊन कागदात शिरतो. कागद एकदा आत जाऊन बाहेर येतो तो नुसता पिवळा. पिवळ्या रंगात आमचा अख्खा परिवार कावीळ झाल्यासारखा उभा होता. पुन्हा आत गेला, त्यात गुलाबी मिसळला आणि सगळ्यांना ताप चढला. तिसऱ्यांदा निळा, आणि माणसं एकदम माणसांत आली. चौथ्या फेरीला वरून पारदर्शक थर, म्हणजे चिवड्याचं बोट लागलं तरी पुसता येतं. सगळं पाऊण मिनिटाच्या आत. काउंटरवरचा पोट्टासुद्धा इअरफोन काढून पाहत होता, आणि त्यानं हे रोज पाहिलेलं असणार.

महिनोन् महिने बंद ठेवला तरी यात वाळायला काही नाही. तापमानाची मर्यादा 40. पाचच अंश जास्त, पण नागपूरकराला पाच अंशांची किंमत विचारा. कागद आणि रिबन जोडीनंच येतात, 108 फोटोंचा संच. 109 वा निघत नाही, की कागद दुसरा चालत नाही. हिशेबाला हा लॅबपेक्षा बराच महाग पडतो, हे दुकानदारानं दबक्या आवाजात सांगितलं. मी त्याचं ऐकत नव्हतो. मी विचारलं, "यात आधारची झेरॉक्स निघते?"

"नाही ना, भाऊ. पोस्टकार्डाच्या वर काही नाही."

"द्या."

यंत्र घरी आलं आणि पहिल्याच संध्याकाळी डोकी उडाली. फोनचा फोटो चारास तीन, कागद तिनास दोन. आडवा फोटो पूर्ण कागदावर बसवायचा म्हटलं तर उंचीतला नववा हिस्सा कापला जातो. रामटेकच्या सहलीच्या फोटोत तो नेमका मागच्या ओळीतून गेला, आणि मागच्या ओळीत सगळी बायकोच्या माहेरची मंडळी होती. मी फोटो सरकवून डोकी वाचवली, तर खालून पुढे बसलेली आमच्याकडची पोरं मांडीपासून गेली. शेवटी दोन्हींकडे पांढरी पट्टी सोडून संपूर्ण फोटो छापला. त्याला बायको म्हणाली, "आता कसं बरोबर आलं," आणि आई म्हणाली, "कागद वाया गेला."

मुलीनं संपलेली रिबन उलगडून खिडकीशी धरली. तिच्यावर प्रत्येक फोटो तीनदा होता, उलट्या छायेत, पिवळ्या पट्ट्यात आजी, गुलाबी पट्ट्यात आजी, निळ्यात आजी. आईला ती रिबन फोटोंपेक्षा जास्त आवडली. ती आता देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे आणि फोटोंआधी पाहुण्यांना तीच दाखवली जाते.

चार दिवस शांततेत गेले. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात समोरचे काका उभे, इस्त्रीचा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले, काखेत घडी केलेली पांढरी चादर.

"काही नाही, बँकवाले फोटो मागून राहिले," ते आत येत म्हणाले. "तुमच्या मशीनमधून पासपोर्टचे निघतात ना जी? पोट्टी सांगून राहिली होती. ही चादर खिळ्याला लावा मागून, म्हणजे बॅकग्राउंड होते. घाई नाही. काकू पावडर लावून राहिली, आणि तिसऱ्या मजल्यावाल्यांना मी सांगितलं दहानंतर या म्हणून."