वायरलेस बंद करू नका

ऑगस्ट २०२२. माझा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर होता, तैवानच्या काउश्युंग बंदराकडे निघालेला. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानची राजधानी तैपेईला जाऊन आल्या, तैवानला आपलाच भाग मानणारा चीन भडकला आणि चीनने बेटाभोवती सहा ठिकाणी खऱ्या दारूगोळ्याचा सराव मांडला. बोटीने लांबचा वळसा घेतला. इकडे हर्णैला आईने चार दिवस टीव्ही बंद करू दिला नाही.

त्या बातम्यांतली एक गोष्ट मला आजही टोचते. चीनने अमेरिकी लष्कराशी ठरलेली बोलणी रद्द केली, त्यात समुद्रावरच्या सुरक्षिततेची बैठकसुद्धा होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने आपल्या आकाशात आलेला चिनी बलून हेरगिरीचा म्हणून पाडला, तेव्हा तर चीनने अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांचा फोनही नाकारला. बोलणी पुन्हा सुरू करायचं ठरलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. इतके महिने अबोला, आणि तोही मुद्दाम शिक्षा म्हणून! मला हे भयंकर वाटतं.

बाबा तांडेल होते. जाळं फाटल्यावरून एका नाखव्याशी त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. धक्क्यावर समोरून आला तर मान फिरवायचे. पण समुद्रात वायरलेसवर दोघंही न चुकता सांगायचे, "जाळी टाकलीत, दक्षिणेला वळतोय." काळोखात अंदाज चुकला तर खलाशी जातात. मग जाळं कोणी फाडलं, हे कोण विचारतो?

अमेरिका आणि सोव्हिएत संघाला हे ठोकर खाऊन कळलं. मे १९६७ मध्ये जपानच्या समुद्रात अमेरिकेची 'वॉकर' विनाशिका लागोपाठ दोन दिवस सोव्हिएत युद्धनौकांना घासली. पुढे २५ मे १९७२ ला मॉस्कोत करार झाला. एकमेकांच्या जहाजांवर तोफा रोखून हल्ल्याचा आव आणायचा नाही, हालचालींच्या खुणा द्यायच्या, दरवर्षी दोन्ही नौदलांनी समोरासमोर बसून तक्रारी मांडायच्या. वेळ कोणती होती बघा. त्याच महिन्यात अमेरिकेने व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात सुरुंग पेरले होते, आत सोव्हिएत जहाजं असताना. तरीही सह्या झाल्या.

"शत्रूशी कसलं बोलणं?" म्हणणाऱ्यांनी गलवान आठवावं. १५ जून २०२० ला तिथे चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले. त्यानंतरही दोन्हीकडचे लष्करी अधिकारी फेरीमागून फेरी भेटत राहिले, सीमेवर फौज उभी ठेवून. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीचा तोडगा निघाला. याला कोणी नमतं घेणं म्हटलं की मला राग येतो. समोरच्या माणसाने घर पोखरलंय आणि तरी त्याच्यासमोर टेबलावर बसायचं, याला छाती लागते.

भाऊ गेल्या आठवड्यात पुन्हा बोटीवर चढला. या खेपेला शांघायला जाणार आहे.